सगळ्यात खालचा हात

काम बंद पाडायची त्या फाउंड्रीत एक ठरलेली रीत होती.

कोल्हापूरच्या बाहेर हायवेच्या कडेला ती फाउंड्री. लोखंड वितळवायचं आणि वाळूच्या साच्यात ओतून ट्रॅक्टरचे, पंपांचे, रोबोंच्या सांध्यांचे भाग काढायचे. मॅनेजमेंटशी वाजलं आणि युनियनने ठरवलं, की पाच सभासद मोल्डिंग लाइनच्या लाल दांड्यापाशी जायचे आणि थर लावायचे. म्हणजे हातावर हात. सगळ्यात नव्या सभासदाचा हात खाली, थेट दांड्यावर. सगळ्यात जुन्याचा सगळ्यात वर. मग पाचही माना वर, छपराच्या पत्र्याकडे. आणि तोंड बंद. एकदा हात टेकला की शब्द काढायचा नाही. पुढे चौकशी लागली तर प्रत्येकाला शपथेवर सांगता यायला हवं, की साहेब, मी वर बघत होतो, दांडा कुणी ओढला ते दिसलं नाही, आवाजही कुणाचा आला नाही.

युनियनचे सेक्रेटरी भूपाल चौगुले, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, म्हणायचे, "दांडा युनियन ओढते. युनियनचा हात कुणाचा, हे मोजायचं मशीन अजून निघालं नाही."

ते निघालं. आणि निघालं तेव्हा सगळ्यात खाली सानिका सुतारचा हात होता.

सानिका कोअर शॉपमध्ये होती. ओतीव भागाच्या आत पोकळी राहावी म्हणून वाळूचे नाजूक गाभे बनवायचे, ते काम बायकांचं. नवरा कंटेनर चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. घरी सासू आणि नऊ वर्षांची ईरा. युनियनची पावती तिने फाडली त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. भांडण होतं थकव्याच्या कपातीचं. कामगारांच्या हातमोज्यांत हात थरथरला की इशारा देणारे सेन्सर होते. मॅनेजमेंट तेच वाचून थकलेल्या माणसाला अर्ध्या पाळीत घरी पाठवायला लागली होती, बिनपगारी. म्हणून थर लागला. दांडा खाली गेला. लाइन थांबली.

पण दांडा लाइनचाच राहिला नव्हता. नव्या विजेच्या भट्टीला गार ठेवणारा पाण्याचा पंप मॅनेजमेंटने खर्च वाचवायला त्याच पॅनेलवर जोडला होता. पंप थांबला. भट्टीभोवतीची तांब्याची कॉइल तापून फुटली आणि पाणी वितळलेल्या लोखंडाला जाऊन मिळालं. असं पाणी उकळत नाही, ते स्फोटासारखं उडतं. भट्टीच्या खालच्या तळघरात तेव्हा पंप फिटर अल्ताफ मुल्ला एक पाइप बदलत होता. तोही युनियनचाच सभासद. त्याची बायको नाझनीन कोअर शॉपमध्ये सानिकाच्या शेजारच्याच टेबलावर बसायची, आणि दोघींचा डबा एकच असायचा.

पाचही जणांवर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहिला. जामीन मिळाला, मोजे मात्र कोर्टाने सील करून नेले.

*

"समजा तुम्हाला हा कप उचलायचाय," वकील देवयानी खोत म्हणाली. ती सरकारने दिलेली वकील, सानिकापेक्षाही लहान, आणि बोलायला लागली की गाडी उताराला लागल्यासारखी. "मेंदूचा हुकूम नसांमधून हाताच्या स्नायूपर्यंत येतो. तिथे बारीकशी वीज खेळते, आणि हात हलतो तो त्यानंतर. मधला वेळ पापणी लवण्यापेक्षा कमी, पण असतो. तुमचे मोजे ती वीज टिपतात."

"ते तर थरथर मोजायला होते."

"थरथर त्या विजेवरूनच कळते ना. आता ऐका. दुसऱ्याने तुमचा हात ओढून नेला, तरी तुमच्या स्नायूत वीज खेळते, पण हात हलल्यानंतर. आणि तुम्ही अडवत असाल, तर मनगट वर उचलणारा उलट बाजूचा स्नायू जागा होतो. पाच जणांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की यंत्र सांगतं, सुरुवात कुणी केली, मागून कोण गेलं, फरफटत कोण गेलं. त्यावरून प्रत्येकाचा गुन्ह्यातला वाटा निघतो. म्हणून त्याला वाटामापक म्हणतात."

"मनात काय होतं तेही सांगतं?"

"नाही. मन मनगटापर्यंत येत नाही."

सानिका कपाकडे बघत राहिली.

देवयानीने पुढचं समजावून सांगितलं. मोज्यातली नोंद कामगाराच्या मालकीची, असा कायदा होता. कुणीच संमती दिली नाही, तर पाचही जण सारखे दोषी धरले जाणार, प्रत्येकी साधारण तीन वर्षं. पण एकाने जरी संमती दिली, तरी पाचही मोजे उघडणार, कारण वाटा एकट्याचा काढता येत नाही. मग ज्याचा वाटा मोठा त्याला दहा वर्षांपर्यंत. ज्याचा शून्य, तो त्याच दिवशी घरी.

"माझा हात मागे येत होता," सानिका हळूच म्हणाली. "मी उचलत होते. वरच्यांच्या जोरामुळं उचलला नाही."

देवयानीने पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही सुटलात, ताई."

हात मागे का येत होता, ते तिने विचारलं नाही. सानिकाने सांगितलं नाही.

त्याचं असं होतं, की त्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर अल्ताफ भेटला होता. हाताला ग्रीस, कानावर अर्धवट ओढलेली विडी, नेहमीचा थट्टेचा सूर. "वहिनी, नव्या पॅनेलवर सगळ्यांची लग्नं एकाच मांडवात लावलीत बघा. तुमची लाइन, पंखे, आणि माझा पंपसुद्धा. एकाला शिंक आली की सगळे आजारी." ती हसली होती आणि ग्लास ठेवून आत गेली होती. पुढे गडबडीत ते डोक्यातून गेलं. वर चार हातांचं ओझं पडलं, नजर पत्र्यावर गेली, आणि त्या शांततेत तिला एकदम अल्ताफचा मांडव आठवला. हात आपोआप वर यायला लागला. एक शब्द पुरला असता. पण ती नवी होती. थर लागलेला, तोंड उघडायचं नाही हे तिला त्याच सकाळी दोनदा बजावलेलं. आपल्याला काय कळतंय पॅनेलमधलं, असंही मनात आलं. आणि दांडा गेला.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, नवऱ्याला नाही.

*

अण्णांनी पाचही जणांना युनियनच्या खोलीवर बोलावलं. भिंतीला जुने बॅनर गुंडाळून उभे केलेले, मध्ये सतरंजी.

"संमतीचा कागद येईल," अण्णा म्हणाले. "कुणी सही करायची नाही. तीन वर्षं तर तीन वर्षं. जाऊ मिळून, येऊ मिळून."

"आणि अण्णा, आत थकव्याची कपात न्हाई," मोल्डिंगचा तानाजी म्हणाला.

"आत पगारच न्हाई की लेका."

सगळे हसले. हसू लवकर संपलं.

"ते मोजे मीच आणले," अण्णा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "एक पोरगं चक्कर येऊन ओतकामाच्या खड्ड्यात पडता पडता वाचलं, तवा दोन महिने गेटवर बसलो मी मोज्यांसाठी. म्हटलं, निदान हाताला तरी कळंल माणूस थकलाय." त्यांनी आपले तळवे उलटसुलट करून बघितले. मग सानिकाकडे वळले. "पोरी, तू गप का?"

"काही नाही, अण्णा."

"तुझं लहान पोर आहे. ठाऊक आहे मला. पण बघ, दांडा एकाचा झाला ना, की परत कधी या रस्त्यावरच्या कुठल्याच कारखान्यात थर लागणार नाही. प्रत्येक जण आपापलं मनगट सांभाळत बसंल."

सानिकाने मान हलवली. घरी आली, तर ईरा दप्तर भरत होती. सासू चुलीशी नव्हती, दारात होती, शेजारणीला सांगत होती, "तीन वर्षं म्हणे. पोरीला न्हाण येईल तवा आई घरात नसंल."

*

नाझनीनकडे जायला तिला फार दिवस लागले. गेली तेव्हा नाझनीन अल्ताफचे शर्ट इस्त्री करत होती. एकामागून एक, कॉलर नीट बसवून. कुणाला द्यायचे होते का, ते विचारायचं धाडस सानिकाला झालं नाही.

"बस," नाझनीन म्हणाली. बोलली, हेच खूप होतं.

"नाझू, जेवतेस ना?"

"कुणाचा हात होता गं?"

सानिकाने खाली घसरलेली एक बाही उचलून घडीवर ठेवली.

"मला कळतंय, तुमच्यात कुणी मुद्दाम केलं नाही. अण्णा माझ्या लग्नात वाढपी होते. तानाजीला मी राखी बांधते." इस्त्री फिरत राहिली. "पण पाच जणांवर राग धरता येत नाही. पाच ठिकाणी वाटला की पातळ होतो. सकाळी उठते, आज अण्णांवर रागवायचं ठरवते, दुपारपर्यंत तो संपतो. मग उरतं ते फक्त घर. मला एक माणूस दे, सानू. एकच. त्याच्यावर रागवून मी एकदा रडून घेईन."

"कळलं तर बरं वाटेल तुला?"

"बरं नाही वाटणार. पण संपेल तरी."

घरी येताना सानिकाने मनाशी ठरवून टाकलं, की नाझनीनसाठी सही करायची. हे कारण चांगलं होतं. त्याच्या आडोशाला दुसरं कारण नीट झाकलं जात होतं, आणि त्या दुसऱ्या कारणाचं नाव ईरा होतं. त्याच्याही मागे एक तिसरी गोष्ट होती, तिच्याकडे तिने बघितलंच नाही. यंत्राला मन वाचता येत नाही, हे देवयानीने सांगितलं होतंच.

दुसऱ्या दिवशी तिने संमतीच्या कागदावर सही केली. अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी फोन केला नाही. तानाजीने केला. म्हणाला, "वैनी, तुमचा हात खाली होता. आमच्या चौघांचा तुमच्यावर होता. आम्हाला वाटलं, आम्ही तुम्हाला झाकलंय." आणि ठेवला.

*

कोर्टात गर्दी होती. फाउंड्रीतली माणसं एका बाजूला, आणि त्यांच्यापासून एक बाक सोडून नाझनीन, एकटी.

यंत्र म्हणजे दिसायला काहीच नव्हतं. लोखंडी कपाटाएवढा डबा आणि समोर पडदा. पडद्यावर पाच रेघा. तज्ज्ञ म्हणून आलेले गृहस्थ काठीने दाखवत होते. वरच्या रेघेवर एक टेकडी उठली, मग दुसरीवर, तिसरीवर, चौथीवर. पाचवी रेघ मात्र खाली वळली. खोल खड्डा.

"सुरुवात आरोपी क्रमांक एक, भूपाल चौगुले यांच्या हाताने झाली," तज्ज्ञ म्हणाले. "त्यांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. दोन, तीन आणि चार यांनी साथ दिली. आरोपी क्रमांक पाच, सानिका सुतार, यांचा हात दांड्यावर असूनही त्या सगळा वेळ तो वर उचलत होत्या. यंत्राने त्यांचा वाटा उणे दाखवला आहे. माझ्या पाहण्यात हे पहिल्यांदाच."

फाउंड्रीच्या बाकांवरून कुजबुज उठली. सानिकाने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान वर केली होती. ते कोर्टाच्या छताकडे, फिरणाऱ्या पंख्याच्याही पलीकडे बघत होते. तिला समजलं. तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून ते तसेच उभे राहिले होते, थरात राहायचे तसे.

अण्णांच्या वकिलांनी विचारलं, "भट्टीचा पंप त्या पॅनेलवर ज्यांनी जोडायला लावला, त्या मॅनेजर साहेबांचा वाटा किती?"

"तो काढता येणार नाही."

"का?"

"त्यांच्या हातात मोजे नव्हते," तज्ज्ञ म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नसावं. न्यायाधीश बाईंनी मात्र चष्मा काढून थोडा वेळ डोळे चोळले.

मग सरकारी वकील उठले. शांत माणूस, आवाज चढवायची सवय नाही. "महोदया, आरोपी क्रमांक पाच यांनी दांडा ओढला नाही, हे सरकार पक्षाला मान्य आहे. त्यांना एकच प्रश्न. सानिकाताई, तुमचा हात मागे का आला?"

देवयानी पटकन उभी राहिली. "आरोपीवर उत्तराची सक्ती नाही." आणि सानिकाकडे वाकून कुजबुजली, "गप्प बसा. नाहीतर घाबरले म्हणा. दोन्ही चालेल. संध्याकाळी घरी असाल."

घाबरले. शब्द तयारच होता. नव्या बाईला घाबरायचा हक्क असतो, कुणी खोटं म्हटलं नसतं, आणि त्या कपाटाएवढ्या डब्यालाही ते खोटं पाडता आलं नसतं. ईराची शाळा सुटायची वेळ होत आली होती.

तिने नाझनीनकडे बघितलं. नाझनीन अण्णांकडे बघत होती. शेवटी तिला तिचा एक माणूस मिळाला होता, आणि तिचा चेहरा हळूहळू त्याच्याकडे वळत, कडक होत चालला होता. ज्या माणसाने तिच्या लग्नात पंगत वाढली, त्याच्याकडे.

सानिकाच्या छातीत काहीतरी वर आलं. तेव्हा मनगटात आलं होतं, तसंच.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

देवयानीने डोळे मिटले.

"पंप त्याच पॅनेलवर आहे, हे मला ठाऊक होतं. अल्ताफभाईंनी सकाळी सांगितलं होतं, चहाच्या गाड्यावर. बाकी कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांना तर नाहीच. दांड्यावर हात ठेवल्यावर मला आठवलं. मी हात उचलला. पण बोलले नाही."

"का?" सरकारी वकिलांनी विचारलं. आता त्यांचाही आवाज खाली आला होता.

"थर लागला होता," सानिका म्हणाली. कोर्टातल्या निम्म्या माणसांना त्याचा अर्थ कळला नाही. उरलेल्या निम्म्यांनी माना खाली घातल्या.

नाझनीनची मान वळली.

*

निकालात लिहिलं होतं, की न जाणता ओढणाऱ्या हातापेक्षा जाणून गप्प राहणारं तोंड अधिक दोषी. चौघांना माहिती नव्हती हे सानिकाच्याच बोलण्यातून सिद्ध झालं, म्हणून त्यांची शिक्षा हलकी झाली. तरी सुरुवातीचा हात म्हणून अण्णांना पाच वर्षं बसली. सानिकाला सात. पंपाच्या जोडणीची वेगळी चौकशी व्हावी, अशी शिफारसही शेवटच्या परिच्छेदात होती. ती कुणी वाचली की नाही, कोण जाणे.

गाडीत चढवताना अण्णा तिच्या शेजारून गेले. बेडी असलेला हात त्यांनी थोडा वर केला. "बोललीस ते बरं केलंस, पोरी," ते म्हणाले. "पण माझ्याजवळ आधी बोलली असतीस, तर आपण पाच जणांनी मिळून उचललं असतं हे." त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते तिला कितीतरी रात्री झोपू देईना.

त्या रस्त्यावरच्या कारखान्यांत पुढे थर लागला नाही. कपात सुरूच राहिली. तानाजी सुटून आला तेव्हा त्याने पाहिलं, की जेवणाच्या सुट्टीत माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतानाही आधी मोजे काढून ठेवतात.

तुरुंगात सानिका शिवणकामाला लागली. ईरा दर महिन्याला आजीबरोबर भेटायला यायची, दर वेळी थोडी उंच झालेली, थोडी कमी बोलणारी.

आणि एके दिवशी नाझनीन आली.

भेटीची खोली म्हणजे लांब टेबल, मध्ये जाळी. दोन्ही बाजूंना बायका, कडेवर पोरं, एकच गलका. रडणं, डब्यांची चौकशी, वकिलांना शिव्या. नाझनीन समोर बसली. ती वाळली होती. हातात काही आणलं नव्हतं.

"माझा राग संपेना," ती म्हणाली. "तुला सांगितलं होतं ना, एक माणूस मिळाला की संपेल. नाही संपला."

सानिकाने बोटाला चिकटलेला शिवणाचा दोरा सोडवला.

"रोज एकच प्रश्न पडतो मला. तू बोलली असतीस, तर त्या चौघांना ऐकू गेलं असतं का? एवढी भट्टी चालू, लाइन चालू. कदाचित गेलंच नसतं. मग तुझ्यावर रागवून काय उपयोग? असं वाटतं, आणि मग परत वाटतं, गेलंही असतं." ती जाळीजवळ आली. "काय म्हणणार होतीस?"

"थांबा," सानिका म्हणाली. "एवढंच."

"असं नाही. तिथं म्हणाली असतीस, तसं म्हण."

"नाझू..."

"म्हण ना."

सानिकाने टेबलावर दोन्ही हात टेकले. नजर वर गेली. छपराला इथेही पत्राच होता. मग पोटातून, इतके महिने अडकून राहिलेला, तिलाही अनोळखी वाटावा असा आवाज निघाला.

"थांबा!"

खोली थांबली. बायका बोलायच्या थांबल्या, कडेवरची पोरं रडायची थांबली, दाराशी निघालेली पहारेकरीण एक पाय पुढे टाकून तशीच उभी राहिली. पलीकडच्या शिवणखान्यातली मशिनंही एकेक करून बंद पडली, आणि कुणीतरी आतून विचारलं, काय झालं.

नाझनीन ती शांतता ऐकत राहिली. शेवटपर्यंत ऐकली.

"ऐकू गेलं असतं," ती म्हणाली. पदर सावरून उठली आणि मागे न बघता निघून गेली.